एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

ऑनलाइन पोकरच्या टेबलावर तुम्हाला एक्क्यांची जोडी आली आहे. टेक्सस होल्डएम या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोनच पत्ते येतात, त्यामुळे याहून चांगली सुरुवात असूच शकत नाही. सरासरी २२१ डावांत ती एकदा मिळते. समोरच्याकडे राजांची जोडी आहे. दोघांनीही जवळच्या सगळ्या चिप्स मध्ये सरकवल्या. आता कुणालाच काही ठरवायचं नाही, फक्त टेबलावरचे पाच पत्ते उघडायचे आहेत. चार उघडले, काही बिघडलं नाही. पाचवा निघाला चौकटचा राजा, आणि सगळ्या चिप्स समोरच्याकडे गेल्या.

अशा वेळी मनात जे उसळतं ते प्रत्येक पोकर खेळणाऱ्याच्या ओळखीचं असतं. नशीबच फुटकं, इथे काहीतरी घोटाळा आहे, हे नेहमी माझ्याच बाबतीत घडतं. हिशोब मात्र साधा आहे. एक्के विरुद्ध राजे हा डाव शंभर वेळा खेळला तर एक्के साधारण ८२ वेळा जिंकतात. म्हणजे १८ वेळा हरतात, दर अकरा डावांत दोनदा. दीर्घकाळ नेमाने खेळणाऱ्याला हा प्रसंग चुकत नाही. तुमचा निर्णय अचूक होता आणि निकाल वाईट लागला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे डोक्याला पटतं, पोटाला पटायला वर्षं लागतात. पोकरमध्ये सुधारणा करायची म्हणजे मुख्यतः ही वर्षं कमी करायची, असं मला वाटतं.

‘चॅलेंज’ खेळलेल्यांसाठी नियम

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट, झब्बू, बदाम सात खेळलेल्या वाचकाला पोकर परका वाटायला नको. ‘चॅलेंज’ तर आठवत असेलच. पत्ते पालथे टाकायचे, तोंडाने ‘तीन राण्या’ म्हणायचं, आणि त्यात राणी एकही नसली तरी चेहरा हलू द्यायचा नाही. पोकरचा अर्धा आत्मा तिथेच आहे. फरक एवढाच, की पोकरमध्ये प्रत्येक खऱ्याखोट्या दाव्याला किंमत मोजावी लागते.

होल्डएममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी आधी तीन पत्ते उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. त्यानंतर चौथा टर्न आणि पाचवा रिव्हर. या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत वरचढ, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. पत्ते टाकून द्यायचे म्हणजे फोल्ड, समोरच्याएवढ्या चिप्स घालायच्या म्हणजे कॉल, बोली वाढवायची म्हणजे रेझ. मध्ये साठलेला ढीग म्हणजे पॉट. आणि बाकी सगळ्यांनी फोल्ड केलं, तर उरलेल्याला पत्ते न दाखवताच पॉट मिळतो. या शेवटच्या नियमामुळेच नशिबाच्या वाटपातून कौशल्याचा खेळ उभा राहतो.

भाव विचारायची सवय

नवा खेळाडू विचारतो, ‘माझा हात चांगला आहे का?’ मुरलेला खेळाडू विचारतो, ‘पुढचा पत्ता मला केवढ्याला पडतोय?’ मंडईत जाणाऱ्याला हा दुसरा प्रश्न शिकवावा लागत नाही. भाजी ताजी आहे एवढं पुरत नाही, भाव काय तेही बघायचं असतं.

उदाहरण घेऊ. तुमच्या हातात बदामाची अठ्ठी आणि सत्ती आहे. टेबलावर बदामाचा राजा, बदामाची चव्वी, किलवरची राणी आणि इस्पिकची दुर्री. अजून एक बदाम आला की तुमचे पाच बदाम होतात आणि बहुतेक करून तुम्ही जिंकता. नाही आला, तर हातात काहीच नाही. तुम्हाला दिसणारे पत्ते सहा, न दिसणारे ४६. त्यांत बदाम नऊ. म्हणजे शक्यता १९.६ टक्के, ढोबळमानाने पाचातली एक.

पॉटमध्ये १,००० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५०० लावल्या. कॉल करावा का? अशी वेळ शंभरदा आली असं समजा. वीस वेळा बदाम येईल आणि दर वेळी तुम्हाला १,५०० मिळतील, एकूण ३०,०००. ऐंशी वेळा तुमचे ५०० जातील, एकूण ४०,०००. तोटा १०,००० चा. हा कॉल महाग आहे. आता त्याने ५०० ऐवजी २५० लावल्या असं धरा. वीस वेळा १,२५० म्हणजे २५,००० आले, ऐंशी वेळा २५० म्हणजे २०,००० गेले. फायदा ५,००० चा. पत्ते तेच, शक्यता तीच. भाव बदलला आणि उत्तर उलटलं.

खऱ्या टेबलावर आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागते. बदाम आल्यावर समोरचा आणखी किती चिप्स देईल? तो देणारा असेल तर थोडा महाग कॉलही परवडतो. पण पाया हाच. यासाठी गणितात हुशार असावं लागत नाही. एक पत्ता उघडायचा बाकी असेल, तर उपयोगी पत्त्यांची संख्या दोनाने गुणायची, दोन पत्ते बाकी असतील तर चाराने. ढोबळ टक्केवारी मिळते. नऊ बदामांना दोनाने गुणलं की १८, खऱ्या उत्तराच्या अगदी शेजारी. महिनाभर प्रत्येक डावात, पत्ते टाकून दिलेले असले तरीही, हा हिशोब मनात करत राहा. पुढे तो आपोआप होऊ लागतो आणि डोकं इतर कामांसाठी मोकळं राहतं.

खोटं बोलायचं ते कुठल्या पत्त्यांवर?

ब्लफ म्हणजे धाडस, अशी समजूत सिनेमांनी करून दिली. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ब्लफकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. खेळांच्या सिद्धांतावरचा त्यांचा निबंध १९२८ चा. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात पोकर आणि ब्लफ यांचं स्वतंत्र विवेचन आहे. पोकरचं अगदी साधं रूप घेऊन त्यांनी दाखवलं, की नीट खेळणाऱ्याने उत्तम हातांवर बोली लावावी आणि अगदी टाकाऊ हातांवरही लावावी. मधल्या हातांवर मात्र गप्प राहावं.

हे विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण सरळ आहे. मधल्या हाताला पत्ते दाखवून जिंकण्याची थोडी आशा असते. त्याचा ब्लफ केला तर ती आशा आपणच विकून टाकतो. टाकाऊ हाताकडे गमावण्यासारखं काही नसतं. आणि ब्लफ कधीच केला नाही, तर तुम्ही बोली लावताच सगळे फोल्ड करतील, मग उत्तम हातांचाही मोबदला मिळणार नाही. म्हणजे ब्लफ हा खऱ्या हातांचा भाव टिकवणारा खर्च आहे. त्याचं प्रमाणही काढता येतं. पॉट १,००० चा असताना तुम्ही ५०० चा ब्लफ केलात, तर समोरच्याने तीनांतून एकदा फोल्ड केलं तरी तुमची बरोबरी होते. हा आकडा ठाऊक असलेल्याला ब्लफ पकडला गेल्याची लाज वाटत नाही. तीनांतून दोनदा तो पकडला जाणं हिशोबात धरलेलंच असतं.

ऑनलाइन टेबलावर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे माणूस वाचता येत नाही असं म्हणतात. चेहऱ्यापेक्षा भरवशाची खूण तिथे मिळते, ती म्हणजे वागण्याचा क्रम. कुठल्या जागेवरून तो किती वेळा खेळतो, बोली केवढी लावतो, टर्नला जोर कायम ठेवतो की मागे सरतो. एकाच हाताचा अंदाज बांधू नका. तो असं वागतोय तर त्याच्याकडे कुठले कुठले हात असू शकतात, याची यादी मनात करा आणि प्रत्येक बोलीनंतर त्यातली नावं खोडत जा. खेळाडू या यादीला रेंज म्हणतात.

दहा हजार डाव म्हणजे किती कमी

आता सगळ्यात अवघड भाग. मला हा खेळ येतो की नाही, हे कळणार कसं?

पोकरमधली कमाई बिग ब्लाइंडमध्ये मोजतात. डाव सुरू होण्याआधी सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या मोठ्या रकमेचं हे नाव. समजा एक खेळाडू खरोखर चांगला आहे आणि दर शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांतले चढउतार साधारण ९० बिग ब्लाइंडच्या घरात असतात. एवढं गृहीत धरून संख्याशास्त्राला विचारलं, तर १०,००० डावांनंतरही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के निघते. उलट, दर शंभर डावांमागे ३ बिग ब्लाइंड गमावणारा कच्चा खेळाडू तेवढ्याच डावांनंतर फायद्यात असण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास. एक लाख डाव झाले की चांगल्या खेळाडूचा धोका ४ टक्क्यांवर येतो.

प्रत्यक्ष टेबलावर तासाला जेमतेम तीस डाव होतात, म्हणजे १०,००० डावांना तीनशेहून अधिक तास लागतील. ऑनलाइन चार टेबलं एकदम उघडणारा ते आठवडाभरात उरकतो. त्यामुळे ऑनलाइन खेळात अनुभव भराभर साठतो, पण मनाला लागणारे धक्केही तितक्याच वेगाने बसतात. एका संध्याकाळी जिंकलो म्हणून आपण शहाणे ठरत नाही आणि एका वाईट महिन्याने मूर्खही ठरत नाही. अमेरिकेतल्या टेनेसीतला हिशोबनीस ख्रिस मनीमेकर २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ती गोष्ट ऐकून पुढच्या वर्षी स्पर्धकांची संख्या ८३९ वरून २,५७६ झाली. मनीमेकर चांगला खेळला यात शंका नाही. पण त्या वर्षीच्या उरलेल्या ८३८ जणांची गोष्ट कुणी सांगत बसलं नाही, आणि तीही तितकीच खरी होती.

टिल्ट

पिनबॉलचं यंत्र फार हलवलं की ते ‘टिल्ट’ दाखवून बंद पडतं. पोकरवाल्यांनी तो शब्द उचलला. मन कलंडलं की येणारी सगळी विद्या बंद पडते. द्यूतसभेतला युधिष्ठिर आठवा. हरलेलं परत मिळवण्यासाठी पुढचा पण आधीच्याहून मोठा, असं करत राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. समोर शकुनीचं कपट होतं हे खरं, पण प्रत्येक पण युधिष्ठिराने स्वतःच्या तोंडाने लावला.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत याच जागी बोट ठेवतो. तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा नुकसानीचं दुःख माणसाला बरंच जास्त जाणवतं, आणि तोट्यात असताना तो एरवी घेणार नाही असे धोके पत्करतो. जॅरेड टेंडलर हे मानसिक प्रशिक्षक गोल्फकडून पोकरकडे आले. २०११ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी टिल्टचे सात प्रकार सांगितले. कुणाला अन्याय झाल्याचा राग येतो, कुणाला स्वतःच्या चुकीचा, कुणाला विशिष्ट माणसावर सूड घ्यायचा असतो, कुणाला वाटतं की मी जिंकायलाच हवं होतं. प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून आधी आपला राग कुठल्या जातीचा ते ओळखायचं.

त्यांची आणखी एक शिकवण मला मोलाची वाटते. सगळे जण आपला सर्वोत्तम खेळ आणखी उंच न्यायला बघतात. खरी प्रगती तळ वर उचलल्याने होते. तुमचा सर्वांत वाईट दिवस थोडा कमी वाईट झाला, तर वर्षाचा हिशोब बदलतो.

ऑनलाइन खेळताना हे जास्त जपावं लागतं, कारण पुढचा डाव दोन सेकंदांत हजर होतो आणि तोंडावर पाणी मारून यायला कुणी पाठवत नाही. ती उसंत आपणच घडवावी लागते. बसण्याआधी वेळ आणि गमावण्याची मर्यादा कागदावर लिहा. नवं शिकताना एकच टेबल उघडा. मोठा डाव हरलात तर पुढचे पाच डाव पत्ते न बघता टाकून द्या. जेवण टाळून, जागरण करून, भांडण करून खेळायला बसू नका. माऊसवरची पकड घट्ट झाली, श्वास वर चढला, बोटं विचाराआधी बटण दाबू लागली, ही शरीराची सूचना मनाच्या आधी येते. ती आली की उठा.

रात्री भोकं बुजवणारं यंत्र

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार अव्वल व्यावसायिक खेळाडू वीस दिवस एका संगणकाशी खेळले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तो कार्यक्रम तयार केला होता, नाव लिब्राटस. एकंदर १,२०,००० डाव झाले आणि यंत्राने सतरा लाखांहून अधिक चिप्सची आघाडी घेतली.

त्या यंत्राला टिल्ट येत नव्हता हे उघडच आहे. शिकण्यासारखी गोष्ट दुसरी. दिवसभर खेळाडू त्याच्या डावपेचांत भोकं शोधत. रात्री लिब्राटस प्रतिस्पर्ध्यांच्या कमजोऱ्या शोधत बसत नसे. आपल्या स्वतःच्या खेळात त्यांना कुठे फट सापडली ते पाहून तो ती बुजवत असे. सकाळी कालची फट नाहीशी झालेली असे.

माणसाला हे करण्यासाठी महासंगणक लागत नाही, वही लागते. ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाची नोंद आपोआप राहते, ही तर मोठीच सोय. खेळ संपल्यावर अवघड वाटलेले तीन डाव निवडा. मला काय माहीत होतं, त्यावरून मी काय अंदाज केला, आणि काय केलं, असे तीन रकाने आखा. चौथा रकाना, ‘पुढे काय झालं’, मुद्दाम ठेवू नका. मग शक्यता काढून देणारं एखादं मोफत साधन घेऊन आपला अंदाज तपासा, किंवा आपल्याहून चांगल्या खेळाडूला विचारा.

मानसशास्त्रातली डॉक्टरेट असलेल्या लेखिका मारिया कोनिकोव्हा यांचं शिक्षण याच पद्धतीने झालं. पोकरच्या मानाच्या यादीत असलेल्या एरिक सायडेल यांच्याकडे त्या शिकायला गेल्या, तेव्हा जोडात पत्ते किती असतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. आपण कसे दुर्दैवाने हरलो हे सांगू लागल्या, की सायडेल ते ऐकून घेत नसत. निर्णय कसा घेतला तेवढंच विचारत. जानेवारी २०१८ मध्ये बहामामधल्या एका स्पर्धेत त्या पहिल्या आल्या, बक्षीस ८४,६०० डॉलर. या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक २०२० मध्ये आलं.

पैसा, कायदा आणि उठण्याची वेळ

आता पैशांचं स्पष्ट बोलू. टेबलावर एकाने जिंकलेलं दुसऱ्याने हरलेलं असतं, आणि त्यातून चालवणारा आपला हिस्सा, म्हणजे रेक, काढून घेतो. म्हणून सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज नेहमी तोट्याचीच येते. पोकरवर घर चालवण्याचं स्वप्न दाखवणारा माणूस ही बेरीज सांगत नाही.

भारतात कायद्याने आता वेगळं वळण घेतलं आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं होतं, आणि पोकरच्या बाजूने बोलणारे वर्षानुवर्षं त्याच निकालाचा आधार घेत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे इथल्या वाचकाने पैसे लावणाऱ्या परदेशी साइटच्या आडवाटा शोधू नयेत. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कुणी नसतं. परवानगी असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनीही घरखर्चाला हात न लावता, वेगळी काढलेली आणि गेली तरी चालेल अशीच रक्कम वापरावी.

पण इथे सांगितलेलं काहीही शिकायला रुपया लागत नाही. फुकटच्या चिप्सवर सराव करा, किंवा पाच-सहा मित्र जमवून चिंचोक्यांवर खेळा. अट एकच, चिंचोकेही मोजून वाटायचे आणि संपले की त्या रात्रीपुरता खेळ संपला. फुकटच्या चिप्सवर बेफिकीर खेळण्याची जी सवय लागते, ती या अटीने सुटते.

आणि गमावलेलं भरून काढायला उसनवारी सुरू झाली असेल, घरच्यांपासून खेळ लपवावा लागत असेल, तर तो खेळ सुधारण्याचा प्रश्न उरलेला नाही. थांबा, आणि घरातल्या एका माणसाला आजच सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. यात कमीपणा काही नाही.

शेवटी पुन्हा ती एक्क्यांची जोडी. वही उघडा आणि तीन रकाने भरा. माहीत काय होतं? माझ्याकडे सर्वोत्तम हात होता. अंदाज काय केला? समोरचा खेळाडू राजे, राण्या, एक्का-राजा अशा हातांवर सगळ्या चिप्स लावेल आणि त्या सगळ्यांच्या मी पुढे असेन. काय केलं? सगळ्या चिप्स लावल्या. आता हे पान दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. चौकटचा राजा आला होता की नाही, हे त्याला या नोंदीवरून ओळखता येणार नाही. ज्या रात्री ही नोंद लिहिताना तुमचा हात थरथरणार नाही, त्या रात्री तुमचा खेळ सुधारला असं समजा.